पाठीला पाठ

शुभम चालायला लागला तेव्हापासून त्याच्या टाचा जमिनीला फारशा लागल्याच नाहीत. चवड्यांवर तोल सांभाळत, दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलून, बोटं डोळ्यांच्या कडेशी फडफडवत तो अंगणभर फिरे. लहानपणी शेजारपाजारच्या बायांना त्याची गंमत वाटे. "वच्छले, तुह्यं पोट्टं तं पाखरावानी चालते," असं म्हणून त्या हसत. पोरगा बाविशीचा झाला, ओठावर मिशी आली, खांदे बापासारखे रुंद झाले आणि तरीही तो तसाच चालत राहिला, तेव्हा ते हसणं बंद झालं. मग लोक नुसते बघत, आणि वच्छलाला ते हसण्याहून जड जाई.

वलगावच्या पुढे, दर्यापूरच्या रस्त्याला लागून वच्छला आणि शेषरावचा मळा होता, मळ्याला लागूनच घर. मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि कडेच्या तुकड्यात झेंडू. शेषराव भल्या पहाटे माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जाई आणि ऊन चढायच्या आत परत येऊन पाण्याच्या मागे लागे. मोटार सुरू झाली की शुभम कुठेही असो, मळ्यात यायचा. सरीतून पाणी जसजसं पुढे सरके तसतसा तो बांधावरून त्याच्यासोबत चाले. पाणी थांबलं की तोही थांबे. एरवी बापलेकाचं एकमेकांशी फारसं काही नव्हतं.

शुभमला ऑटिझम आहे हे अमरावतीच्या डॉक्टरांनी तो लहान असतानाच सांगितलं होतं. तो थोडकेच शब्द बोलायचा. 'पानी', 'बंद कर', आणि बहिणीचं नाव, 'खुशी'. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून घराबाहेर पळायचा. कोणी अचानक अंगाला हात लावला तर चटका बसल्यासारखा मागे सरायचा. मायचाही हात त्याला चालत नसे. वच्छला त्याला जेवायला वाढे, त्याचे कपडे काढून ठेवे, त्याच्या मागे मागे फिरे. पण पोराला पोटाशी धरणं काय असतं ते ती जवळजवळ विसरून गेली होती.

खुशी शुभमहून तीन वर्षांनी लहान. अमरावतीला कॉलेजात शिकायची, जीपनं जायची-यायची. दिवाळी झाल्यावर एक दिवस ती घरी आली ती चपलाही न काढता मायच्या मागे चुलीपाशी उभी राहिली.

"आई, गाडगे नगरात एक मॅडम आहे. शुभमदादासारख्या पोरांचा डान्सचा क्लास घेते. दर बुधवारी."

"डान्सचा?" वच्छलानं भाकर उलटली. "अवं, त्याले धड टाच टेकवता येत नाही अन् नाच कोठचा?"

शेषराव दाराशी बसून पाय धूत होता. तो मान वर न करता म्हणाला, "नाचून का होते? बोलायला लागते का तो?"

"ते नाई माहीत, बाबा. पाहून तं येऊ."

शेषरावनं पायावर पाणी ओतलं आणि विषय तिथंच सोडला. तो नाही म्हणाला नाही, एवढ्यावर मायलेकींनी बुधवारी शुभमला जीपमध्ये बसवलं.

क्लास एका जुन्या सभागृहात होता. दाराशी चपला काढायच्या, आत सतरंज्या. पडदे अर्धे ओढलेले, ट्यूबलाइट बंद. कोणतंही गाणं लागलेलं नव्हतं. पाच-सहा मुलंमुली आणि त्यांचे आईबाप होते. प्राजक्ता मॅडम म्हणजे पस्तिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली बाई. लहानपणी ती अमरावतीतच कथक शिकली होती, पुढे पुण्याला जाऊन नृत्यातून उपचार करण्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि परत आपल्या गावी आली होती. वच्छलाला वाटलं होतं की ही आता शुभमला ओळीत उभं करील, हात कसे धरायचे ते शिकवील, आणि मग तो पळेल. पण ती शुभमकडे आलीच नाही.

शुभम खिडकीपाशी गेला आणि पडद्याच्या कडेला उभा राहून बोटं फडफडवू लागला. वच्छला सवयीनं उठली. घराबाहेर पडलं की ती हे एकच काम करायची. "हात खाली, शुभम. हात खाली घे बापा."

"राहू द्या काकू," प्राजक्ता हळूच म्हणाली. "त्याला जे करायचं आहे ते करू द्या."

मग ती स्वतः शुभमपासून बरीच दूर, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं हात खांद्यांपर्यंत उचलले, टाचा उचलल्या आणि बोटं तशीच, त्याच गतीनं फडफडवली. वच्छलाला पहिल्यांदा रागच आला. तिला वाटलं, ही बाई आपल्या पोराची नक्कल करते आहे. गावातली पोट्टी शाळेच्या वाटेवर तेच करत. ती खुशीचा हात धरून उठणार, तेवढ्यात शुभमची बोटं थांबली. प्राजक्ताचीही थांबली. शुभमनं मान किंचित वळवली. त्यानं बोटं परत हलवली, या वेळी जरा हळू. तिनंही हळू हलवली. त्यानं एक हात खाली घेतला. तिनंही घेतला. असं बराच वेळ चाललं. प्राजक्ताच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता. समोरच्याचं बोलणं नीट ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

घरी जाताना जीपमध्ये खुशी म्हणाली, "आई, तो तिच्याकडे पाहून राह्यला होता."

"हो," वच्छला म्हणाली. "म्या पाह्यलं."

त्यानंतरचे बुधवार सगळेच चांगले गेले नाहीत. एकदा शेजारच्या इमारतीत ड्रिल मशीन चालू झालं आणि शुभम सभागृहाबाहेर पळाला तो रस्त्यापर्यंत. एकदा तो आतच आला नाही, पायरीवर बसून राहिला आणि प्राजक्ता तास संपेपर्यंत त्याच्यापासून थोड्या अंतरावर त्याच पायरीवर बसली. पण संक्रांतीच्या सुमारास एक दिवस तिनं वच्छलाला बोलावलं.

"काकू, आज तुम्ही या त्याच्यासोबत."

"मी? मले नाचता येत नाही, मॅडम."

"नाचायचं नाही. बसायचं आहे फक्त. इथं, त्याच्याकडे पाठ करून."

शुभम सतरंजीवर मांडी घालून बसला होता. वच्छला पदर खोचून त्याच्यामागे, त्याच्याकडे पाठ करून बसली. दोघांच्या पाठींमध्ये वीतभर अंतर होतं.

"आता काहीच करू नका," प्राजक्ता म्हणाली. "त्याला येऊ द्या. नाही आला तरी चालेल."

तो आला नाही. वच्छला समोरच्या भिंतीवरचा ओल आलेला डाग बघत बसली. पाय भरून आले. घरी वांगी तोडायची राहिली आहेत, असं तिच्या मनात आलं. मग पाठीला काहीतरी टेकलं आणि सरकलं. पुन्हा टेकलं. शुभमनं आधी एक खांदा टेकवला, मग दुसरा, आणि हळूहळू आपलं सगळं वजन मायच्या पाठीवर सोडलं. तो जड झाला होता. इतका जड झाला असेल याची तिला कल्पनाच नव्हती. मग तो डुलू लागला, पुढे-मागे, पुढे-मागे, घरी खाटेवर बसून एकटाच डुलायचा तसा. आणि त्याच्यासोबत तिलाही डुलावं लागलं. तोंड दिसत नव्हतं, हात लागत नव्हता, म्हणूनच बहुतेक त्याला ते सोसलं. त्याचा श्वास तिला आपल्या बरगड्यांत जाणवत होता.

वच्छलाचे डोळे गळू लागले. तिनं ते पुसले नाहीत, कारण हात हलवला तर तो दूर जाईल अशी तिला धास्ती वाटली.

शुभम त्या क्लासमुळे बोलायला लागला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. शेषरावच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. पण रात्री तो शांत झोपू लागला. पूर्वी चिडला की डोकं भिंतीवर आपटायचा, ते पुष्कळ कमी झालं. घरात संध्याकाळी वच्छला भाजी निवडत ओसरीवर बसली की तो कधीकधी येऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसे, थोडा वेळ डुले आणि उठून जाई. शेषराव मळ्यातून आला की हे बघे आणि गोठ्याकडे वळे.

माघात खुशीचं लग्न जमलं. मुलगा श्रावण अकोल्याचा, बँकेत नोकरीला. त्याचे वडील भगवंतराव यांचं अकोल्यात बी-बियाणांचं दुकान, आई माणिकबाई घर सांभाळणारी. खुशीनं श्रावणला फोनवर भावाबद्दल सगळं सांगितलं होतं. पण बैठकीच्या दिवशी शेषरावनं शुभमला शेजारच्या बंडूसोबत मळ्यात पाठवून दिलं, आणि पाहुण्यांना एवढंच सांगितलं की मोठ्या पोराची तब्येत बरी नसते. भगवंतराव समजूतदार माणूस. जाताना ते शेषरावला बाजूला घेऊन म्हणाले, "श्रावणनं सांगतलं मले तुमच्या पोराचं. लपवायचं काही कारण नव्हतं. पन लग्नात बँड राहीन, डीजे राहीन. त्याले तरास होईन अन् चार लोकाईत तुमाले बी. त्या दिवशी त्याले घरीच ठेवा कोनाजवय."

"हो, हो," शेषराव लगेच म्हणाला. "तसंच करू."

हे बोलणं दारामागून वच्छलानं ऐकलं आणि खुशीनंही. 

मार्चमध्ये प्राजक्तानं सांगितलं की एप्रिलच्या सुरुवातीला ऑटिझम दिवसाच्या निमित्तानं अकोल्यात एक कार्यक्रम आहे, आयोजकांनी आपल्या मुलांना मंचावर बोलावलं आहे. तिची फारशी इच्छा दिसत नव्हती. "पालकांनी ठरवायचं," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, स्पीकर नको, टाळ्या नकोत, दिवे मंद ठेवा. ते हो म्हणालेत."

बाकीचे आईबाप विचार करत होते, तोवर वच्छला बोलून गेली, "आमी येऊ. शुभम येईन."

तिच्या मनात काय होतं ते उघड होतं. अकोला म्हणजे खुशीच्या सासरचं गाव. त्या लोकांनी एकदा यावं, शुभमला माणसांत बघावं, म्हणजे लग्नात त्याला घरी ठेवा असं ते म्हणणार नाहीत. तिनं स्वतः माणिकबाईंना फोन करून कार्यक्रमाला या म्हणून सांगितलं. शेषरावला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कावून करून राह्यली हे?" 

त्या दिवशी अकोल्यात ऊन रणरणत होतं. सभागृह भरलेलं, कूलर घुरघुरत होते. वच्छलानं ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलं होतं. तिसऱ्या रांगेत भगवंतराव आणि माणिकबाई बसलेले तिला पडद्याच्या फटीतून दिसले. मुलं मंचावर गेली, प्राजक्ता खाली सतरंजीवर बसली, शुभमनं कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले होते. क्षणभर सगळं ठीक वाटलं.

मग निवेदकानं माइक घेतला. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं की तो विसरला, देव जाणे. "या विशेष मुलांसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत," असं तो ओरडला, स्पीकर किंचाळला, सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं आणि समोरून मोबाइलचे दिवे चमकले. शुभम खाली बसला. त्यानं हेडफोन ओढून फेकले आणि कपाळावर मुठी मारायला सुरुवात केली. प्राजक्ता धावली, तिला त्याच्या कोपराचा फटका बसला आणि ओठ फुटला. लोक उठून बघू लागले. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. शुभम मंचावरून उडी मारून बाजूच्या दारानं बाहेर पळाला.

वच्छला त्याच्यामागे पळाली. तो मागच्या आवारात सापडला, दोन उभ्या बसांच्या मधल्या सावलीत, उकिडवा, घशातून एकच आवाज काढत. तोंड लाल झालेलं, हाताला स्वतःच चावलेलं. तिनं हाक मारली नाही, हात लावला नाही. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्याकडे पाठ केली आणि जांभळ्या पातळासकट धुळीत बसली. सावलीतही सिमेंट तव्यासारखं तापलेलं होतं. तिनं वाट बघितली. मग आपणच हळू डुलू लागली, पुढे-मागे, त्याचं डुलणं असतं तसंच. तिच्या पाठीवर कधी एक धक्का येई, कधी काहीच नसे. बऱ्याच वेळानं त्याचं वजन आलं.

तिनं मान वर केली तेव्हा बसच्या चाकापाशी माणिकबाई उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली होती. त्या जवळ आल्या नाहीत. बाटली जमिनीवर ठेवून त्यांनी ती वच्छलाच्या दिशेनं सरकवली आणि तिथंच उन्हात उभ्या राहिल्या. मागून भगवंतराव आले, काही विचारू लागले, तर माणिकबाईंनी हातानंच त्यांना गप्प केलं.

घरी आल्यावर शेषराव भडकला. तो क्वचितच आवाज चढवायचा, पण त्या दिवशी चढवला. "झालं समाधान? साऱ्या अकोल्यात तमाशा केला पोराचा. आता ते लोक सोयरीक ठेवतीन का? बंद कर हे नाचनं."

 त्यातलं अर्धं खरं होतं, हे वच्छलाला माहीत होतं. पोराला तिनं नेलं होतं ते त्याच्यासाठी नव्हे, लोकांना दाखवायला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता जीपनं घरी आली. ओठ सुजलेला होता. ओसरीवर बसून ती म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. त्यांच्या भरवशावर मी मुलांना न्यायला नको होतं. हे मंचाचं काम नाहीच. मला ते माहीत होतं अन् तरी मी नाही म्हणाले नाही."

"मी बी हट्ट केला," वच्छला म्हणाली. "तुमी एकल्या नाही."

शुभम तेव्हा सरीच्या बांधावर होता. त्यानं प्राजक्ताला पाहिलं, जवळ आला नाही, पण हात खांद्यांपर्यंत उचलून बोटं हलवली. तिनंही ओसरीवरून तशीच हलवली. मग ती रडली.

आठवडाभरानं भगवंतरावांचा फोन आला की आम्ही येतो आहोत. शेषरावनं त्या दिवशी जेवण केलं नाही. सोयरीक मोडायला माणसं स्वतः येतात, फोनवर सांगत नाहीत, असं तो म्हणाला.

चहा झाला.  माणिकबाईंनी कप खाली ठेवला. "वच्छलाबाई, त्या दिवशी तुमी पोराले शांत केलं ते म्या पाह्यलं. मी घरी जाऊन लय विचार केला. लग्नात त्याले कसं आनायचं ते सांगा."

भगवंतराव खाकरले. "मी काही त्याच्या विरोधात नाही. पन माह्या भावकीले वरातीत डीजे पाह्यजे. तो म्या बंद केला तं घरात भांडन होईन."

त्यावर आतून खुशी बाहेर आली. बैठकीत मुलीनं बोलायची त्या घरात रीत नव्हती.  "मामाजी, वरात रस्त्यावर वाजू द्या. पन मांडवाच्या दाराशी आली की बंद. अन् हळद आमच्या घरी होईन तेव्हा काहीच वाजनार नाही. माह्या लग्नात माहा भाऊ राहीन. नाही तं मले ते लग्न आपलं वाटनार नाही."

शेषराव खाली बघत होता.  भगवंतराव म्हणाले, "दाराच्या किती आधी बंद करायचा ते सांगजो पोरी. डीजेवाला आपला वयखीचा हाये." माणिकबाई हसल्या.

ते गेल्यावर वच्छला नवऱ्याला म्हणाली, "अवो, हळदीच्या दिवशी मी बायकाईत गुतीन. त्याच्याजवय कोन राहीन?"

 पुढच्या बुधवारी शेषराव बाजारातून लवकर आला, अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभा राहिला. 

सभागृहात तो दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसला. समोर एका मुलीचे वडील सतरंजीवर लोळत होते आणि ती मुलगीही लोळत होती. शेषरावनं नजर दुसरीकडे वळवली. प्राजक्ता त्याच्यापाशी आली.

"काका, शुभम मळ्यात पाण्यासोबत चालतो म्हणे. मी त्या दिवशी लांबून पाहिलं, पण नीट कळलं नाही. पाणी कसं जातं, दाखवता का?"

"इथं? इथं कुठं पानी हाये?"

"नसू द्या."

शेषराव उठला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याचे हात आपोआप फावड्याच्या दांड्यावर असावेत तसे वळले. सरीत पाणी घ्यायला पहिलं दार फोडायचं म्हणून तो वाकला, माती ओढून बाजूला टाकली, आणि उघड्या पायांनी सतरंजीवरून सरकत पुढे गेला. पाणी पुढे जातं तसं हळू, दर थोड्या वेळानं थांबत, वाकत, पुन्हा उठत. जन्मभर केलेलं काम होतं ते. त्यात लाजण्यासारखं काही नाही हे त्याच्या पाठीला बहुतेक त्याच्याआधी कळलं. सरीच्या शेवटाला तो वळला तर बाजूला शुभम होता, चवड्यांवर, हात उचललेले. बाप थांबला की तो थांबत होता. बाप वाकला की तो मात्र वाकत नव्हता, बोटं हलवत होता. मग शेषरावनं फावडं सोडलं आणि आपले राठ, मातीत काळे झालेले हात खांद्यांपर्यंत उचलले. बोटं हलवायचा त्याला धीर झाला नाही. पण हात तो खाली घेईना.

हळद अंगणात, हिरव्या जाळीच्या सावलीत झाली. स्पीकर नव्हता. खुशीच्या आतेभावानं मोबाइलवर गाणं लावलं तेव्हा तिनं हळदीच्या हातानंच त्याच्याकडून फोन घेतला आणि बंद करून मांडीखाली ठेवला. बाया आपल्या आवाजात, फार मोठ्यानं नाही, हळदीची गाणी म्हणत होत्या. अकोल्याहून माणिकबाई नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. शुभम गोठ्याच्या कोपऱ्यात होता. कोणी त्याला बोलावलं नाही. मग गाण्याच्या ठेक्यावर म्हणा की स्वतःच्याच कुठल्या ठेक्यावर, तो निघाला आणि पाटावर बसलेल्या बहिणीभोवती चवड्यांवर फिरू लागला. बायांचं गाणं अडखळलं. वच्छलानं ते उचलून धरलं. शेषराव मांडवाच्या खांबाशी उभा होता. सगळी भावकी बघत असताना तो आला आणि पोराच्या मागे, पाणी द्यायला निघाल्यासारखा, चालू लागला. या वेळी त्याची बोटंही हलत होती. मग खुशी उठली, हळदीनं माखलेली, आणि ती त्यांच्यामागे लागली. माणिकबाईंनी हातातली वाटी कोणाकडे तरी दिली.

ते फार वेळ चाललं नाही. शुभमनं हळद अंगाला लावू दिली नाही, आणि पुरे झालं तेव्हा तो सरळ मळ्याकडे निघून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही.

लग्नात डीजे वाजला, पण दारापासून बराच लांब थांबला. भगवंतराव स्वतः पुढे जाऊन हात उंच करून उभे राहिले होते. शुभम मंगलाष्टकांपुरता कार्यालयाच्या मागच्या दाराशी, कानांवर हेडफोन घालून उभा राहिला. खुशी सासरी गेली तेव्हा तो घरी झोपलेला होता. पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी जीप थांबायच्या वेळी तो रस्त्यावर जाऊन 'खुशी' म्हणायचा, आणि मग एकटाच परत यायचा. वच्छलाला ते बघवत नसे. पण त्याला काय समजावणार? ती अकोल्याला फोन लावून त्याच्या कानाशी धरी. तो बोलत नसे, फक्त ऐके.

बुधवारी आता शेषराव जातो. दोघं जीपमध्ये मागच्या सीटवर बसतात, खिडकीकडे शुभम. ते गेले की घरात तासन्तास दुसरं कोणी नसतं. पहिल्या वेळी वच्छलाला काय करावं सुचेना. ती उगीच मळ्यात गेली, परत आली, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दुसऱ्या बुधवारी तिनं चहा केला आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मधे कोणाच्या मागे पळायचं नव्हतं. ती तो चहा सावकाश, गरम असतानाच, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि मग आणखी थोडा करायला उठली.